कृश देहातील मधुमेह आणि जोखमीचे गणित

मधुमेह हा सुखवस्तू माणसाचा आजार, अशी समजूत आपल्याकडे अजूनही पक्की आहे. सुटलेले पोट, खुर्चीतले काम, गोडधोडाचा सोस आणि घराण्यात चालत आलेली 'साखर', असे त्या रुग्णाचे ठरावीक चित्र असते. हे चित्र निखालस खोटे नाही. शहरांतील बहुसंख्य रुग्ण त्यात बसतात. प्रश्न उरतो तो त्यात न बसणाऱ्यांचा. बांधा काटकुळा, काम अंगमेहनतीचे, घरात कोणाला मधुमेह असल्याचे ठाऊक नाही आणि तरीही रक्तात साखर वाढलेली, असे रुग्ण ग्रामीण भागात आढळतात. त्यांना शोधून काढण्यासाठी वैद्यकशास्त्र आज ज्या साधनावर विसंबते, ते साधन संख्याशास्त्राचे आहे. म्हणूनच ते साधन कसे घडते आणि कोठे चुकते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण व आदिवासी भाग प्रामुख्याने या दोन तालुक्यांत आहे. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही मध्य रेल्वेची स्थानके याच तालुक्यातील. तेथून रोज हजारो चाकरमानी कल्याण-ठाण्याकडे जातात. मुरबाडमध्ये एकीकडे औद्योगिक वसाहत आहे, तर दुसरीकडे माळशेज आणि नाणेघाटाच्या पायथ्याशी विखुरलेले पाडे आहेत. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली यांच्या वस्त्या आणि आगरी-कुणबी समाजाची गावे एकाच तालुक्यात नांदतात. म्हणजेच शहरी जीवनशैली आणि अर्धपोटी राहणे, अशी मधुमेहाची दोन निरनिराळी कारणे येथे शेजारीशेजारी आहेत. या दोन्हींना एकाच मापाने मोजले तर काय होईल, हा या लेखाचा विषय आहे.

देशाचे आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' या पाहणीचे पहिल्या टप्प्यातील निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. २००८ ते २०२० या काळात देशभरातील १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी पूर्ण झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे 'पूर्वमधुमेह' अवस्थेत आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. पूर्वमधुमेहाच्या बाबतीत मात्र शहर आणि गाव यांतील अंतर जवळजवळ पुसले गेले आहे.

हे आकडे राज्य आणि देश या पातळीवरचे आहेत. राज्याची सरासरी तालुक्याला लागू पडतेच असे नाही. पुन्हा एकाच तालुक्यात रेल्वेमार्गालगतचे गाव आणि डोंगरातील पाडा यांची सरासरी काढली, तर जो आकडा हाती येतो तो या दोहोंपैकी कोणाचाच नसतो.

जोखीम मोजायची कशी?

मधुमेहाला एकच एक कारण नसते. वय, कमरेचा घेर, आनुवंशिकता, श्रम, आहार, जन्मवेळचे वजन असे अनेक घटक एकात एक गुंतलेले असतात. वय वाढले की पोटही सुटते. मग मधुमेह वयामुळे झाला की पोटामुळे? हा गुंता सोडवण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ 'लॉजिस्टिक रिग्रेशन' ही पद्धत वापरतात. तिचे तत्त्व साधे आहे. शेकडो वा हजारो लोकांची माहिती गोळा करायची, त्यांच्यापैकी कोणाला मधुमेह आहे हे रक्ततपासणीने ठरवायचे आणि मग एका वेळी एकच घटक बदलला व बाकीचे स्थिर ठेवले, तर आजाराची शक्यता किती पटीने बदलते, हे गणिताने काढायचे. समान वयाच्या, समान श्रम करणाऱ्या दोन माणसांत केवळ कंबर जाड असल्याने किती फरक पडतो, हे अशा प्रारूपातून समजते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या हृदयरोगाच्या अभ्यासातून ही पद्धत वैद्यकशास्त्रात रुजली.

आपल्याकडे या पद्धतीचे सर्वाधिक वापरले गेलेले फळ म्हणजे चेन्नई येथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचे डॉ. व्ही. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेला 'भारतीय मधुमेह जोखीम गुणांक'. वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि कौटुंबिक इतिहास या चारच गोष्टींवर तो आधारलेला आहे. रक्त काढावे लागत नाही. मोजपट्टी आणि तीन प्रश्न पुरतात. एकूण १०० गुणांपैकी ६० वा अधिक गुण मिळाल्यास जोखीम मोठी समजली जाते.

आता दोन काल्पनिक माणसे घेऊ. पहिला बावन्न वर्षांचा कारकून. वयाचे ३० गुण, १०२ सेंटिमीटर कमरेचे २०, बैठ्या कामाचे ३० आणि आईला मधुमेह असल्याचे १०. एकूण ९०. त्याला तातडीने तपासणीस पाठवले जाईल आणि ते योग्यच होईल. दुसरा चाळीस वर्षांचा वीटभट्टीवरील मजूर. वयाचे २०, ७२ सेंटिमीटर कमरेचा शून्य, कौटुंबिक इतिहासाचा शून्य आणि श्रमाच्या रकान्यात फार तर २०. एकूण ४० च्या वर तो जाऊच शकत नाही. गुणांकाच्या दृष्टीने हा माणूस निर्धोक आहे.

साधन चेन्नईचे, माणसे सह्याद्रीची

येथे गुणांकाला दोष देण्याचे कारण नाही. तो चेन्नई शहरातील लोकांच्या माहितीवर बेतला गेला आणि तेथेही त्याच्या मर्यादा संशोधकांनी स्वतःच नोंदवल्या. ६० गुणांची रेषा धरल्यास निदान न झालेल्या दर १०० मधुमेहींपैकी सुमारे ७२ जण सापडतात, उरलेले निसटतात. आणि ज्यांना 'जोखीम मोठी' असे सांगितले जाते, त्यांच्यापैकी प्रत्यक्ष मधुमेह असणारे १७ टक्केच निघतात. प्राथमिक चाळणीसाठी हे पुरेसे आहे. मात्र ही चाळणी दुसऱ्या समाजात नेली की तिची छिद्रे बदलतात.

यातील कौटुंबिक इतिहासाचा रकाना सर्वांत फसवा आहे. 'आईवडिलांना मधुमेह होता का?' या प्रश्नाला शहरातील माणूस 'नाही' म्हणतो, तेव्हा बहुधा तपासणी होऊन तो आढळला नव्हता, असा त्याचा अर्थ असतो. दुर्गम पाड्यावरील माणूस 'नाही' म्हणतो, तेव्हा आईवडिलांचे रक्त कधी तपासलेच गेले नव्हते, असा अर्थ असू शकतो. गणिताला हा भेद कळत नाही. ते दोन्ही ठिकाणी शून्यच लिहिते. आरोग्यसेवा जितकी विरळ, तितका हा शून्य खोटा.

श्रमाचेही तसेच. कष्टाचे काम मधुमेहापासून संरक्षण देते, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु ज्या समाजात सर्वाधिक कष्ट करणारेच सर्वाधिक अर्धपोटी असतात, तेथे श्रम आणि उपासमार हे एकमेकांच्या आड लपतात. प्रारूपात केवळ श्रम घेतले आणि कुपोषण वगळले, तर उत्तर दिशाभूल करणारे येते. संख्याशास्त्रात याला 'गुंतागुंत करणारा घटक' म्हणतात.

बारीक, पण चरबीयुक्त

बारीक अंगाच्या भारतीयाला मधुमेह का होतो, या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर घाटापलीकडे पुणे जिल्ह्यात शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनातील ही तूट मुख्यत्वे स्नायू आणि पोटातील अवयवांची होती. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण अंगात चरबी अधिक, असे हे भारतीय बाळ होते.

याच गोष्टीचे एक गाजलेले उदाहरण २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी छायाचित्र त्यात होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे समान, चयापचयाला नव्हे.

पुण्याच्या त्या सहा गावांतील बाळे पुढे मोठी झाली. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली, तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर होती. यातील निम्म्याच्या आसपास तरुण कमी वजनाचे होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जोखीम कमरेच्या घेरात शोधणाऱ्याला ती येथे दिसली नसती. ती आईच्या पोटात असल्यापासून चालत आलेली होती.

मधुमेहाचे प्रकार किती?

आजवर वाचकांना मधुमेहाचे दोन प्रमुख प्रकार ठाऊक आहेत. पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू ते अपुरे पडू लागते. संख्याशास्त्राने या सोप्या विभागणीला धक्का दिला.

२०१८ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे नऊ हजार नव्या रुग्णांची माहिती 'क्लस्टर विश्लेषण' या पद्धतीने तपासली. या पद्धतीत गट आधी ठरवलेले नसतात. एकमेकांसारखे रुग्ण गणितच एकत्र आणते. निदानाच्या वेळचे वय, बीएमआय, तीन महिन्यांची सरासरी साखर, इन्शुलिनचे उत्पादन, इन्शुलिनला होणारा विरोध आणि विशिष्ट प्रतिपिंडे या सहा गोष्टींवरून पाच गट पडले. मग हीच पद्धत भारतात वापरली गेली. चेन्नईच्या गटाने २०२० मध्ये १९,०८४ रुग्णांची माहिती घेऊन चार गट दाखवले; त्यांपैकी दोन स्वीडनमध्ये दिसले नव्हते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील पंचेचाळिशीच्या आत निदान झालेल्या १,६१२ रुग्णांच्या २०२२ मधील अभ्यासात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, रुग्ण 'तीव्र इन्शुलिन कमतरता' असलेल्या गटात निघाले. स्वीडनमधील त्याच वयोगटात लठ्ठपणाशी निगडित गट मोठा होता. थोडक्यात, त्यांचा मधुमेह मुख्यत्वे लठ्ठपणाच्या वाटेने येतो. आपल्या तरुणांचा इन्शुलिनच्या तुटवड्याच्या वाटेने.

याच वाटेवर पुढे 'टाइप ५' हे नाव येते. कुपोषणाशी संबंधित मधुमेहाचे वर्णन १९५५ मध्ये जमैकात झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान दिले. १९९९ मध्ये मात्र पुरावा अपुरा म्हणून ते काढून घेतले. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ७३ भारतीय पुरुषांच्या सूक्ष्म तपासण्यांवरून दाखवले, की अत्यंत कृश रुग्णांतील हा मधुमेह पहिल्या वा दुसऱ्या प्रकारात बसत नाही. त्यांच्यात इन्शुलिन कमी तयार होते, पण शरीर त्याला व्यवस्थित दाद देते. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५ मधुमेह' अशी मान्यता दिली. जगात असे दोन ते अडीच कोटी रुग्ण असावेत, असा अंदाज आहे.

प्रकाराचा हा प्रश्न पुस्तकी नाही. लठ्ठ रुग्णाला दिला जाणारा 'कमी खा, वजन घटवा' हा सल्ला आधीच अर्धपोटी असलेल्याला दिला तर तो अपायकारक आहे. उलट कृश रुग्ण पाहून पहिला प्रकार समजून इन्शुलिनची मोठी मात्रा दिली आणि घरात पुरेसे अन्न नसले, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

शहापूर-मुरबाडमध्ये मोजायचे तर

या दोन तालुक्यांसाठी विश्वासार्ह प्रारूप तयार करायचे, तर काही पथ्ये पाळावी लागतील.

पहिले पथ्य वेळेचे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाहणी केली तर पाड्यावर म्हातारी माणसे तेवढी सापडतील आणि ज्यांची जोखीम जाणून घ्यायची, तेच नमुन्यातून वगळले जातील. पाहणी पावसाळ्यात व्हावी, अथवा पथकाने भट्ट्यांवर जावे.

दुसरे पथ्य नमुन्याचे. एका पाड्यावरील माणसे आहाराने, नात्याने, कामाने एकमेकांसारखी असतात. पन्नास पाड्यांतून प्रत्येकी वीस, अशी हजार माणसे तपासली, तरी माहिती हजार स्वतंत्र माणसांची मिळत नाही. हे साम्य दर्शवणारा गुणांक ०.०५ इतका अल्प धरला, तरी त्या हजारांचे मोल सुमारे ५१३ जणांइतकेच उरते. शिवाय हजारांत पाच टक्के मधुमेही धरले तर रुग्ण निघतील पन्नास. दर घटकामागे निदान दहा रुग्ण हवेत, हा रूढ संकेत पाळला, तर पाचांहून अधिक घटक त्या प्रारूपात घालता येत नाहीत. दुर्मीळ प्रकार वेगळे काढायचे तर नमुना कैक पटींनी मोठा लागेल.

तिसरे पथ्य रेषेचे. नेहमीची प्रारूपे असे गृहीत धरतात, की वजन वाढले की जोखीम सरळ वाढत जाते. येथे मात्र अतिकृश आणि अतिस्थूल अशा दोन्ही टोकांना जोखीम असण्याची शक्यता आहे. तिला सरळ रेषेत बसवले तर दोन्ही टोके एकमेकांना खोडतात आणि 'वजनाचा संबंध नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून रेषेला वळण घेऊ द्यायला हवे, तसेच रेल्वेलगतची गावे आणि पाडे यांत एकच घटक वेगवेगळा परिणाम करतो का, हेही तपासायला हवे.

चौथे पथ्य रक्ततपासणीचे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीए१सी' ही चाचणी रक्तातील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेमुळे तिचा आकडा फुगू शकतो, तर सिकलसेलच्या रुग्णांत तो फसवा कमी येऊ शकतो. आदिवासी भागात या दोन्ही गोष्टी आढळतात. तेव्हा उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची. प्रकार ओळखायचा तर निदान झालेल्यांमध्ये सी-पेप्टाइड आणि प्रतिपिंडांच्या चाचण्याही कराव्या लागतील. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून तो कळत नाही.

पाचवे पथ्य पडताळणीचे. एका गटाच्या माहितीवर बेतलेले सूत्र दुसऱ्या गटावर तपासल्याखेरीज आशा कार्यकर्तीच्या हाती देऊ नये.

आजच्या आज काय?

नवे प्रारूप तयार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरते. त्यात वय, कंबर, श्रम आणि कौटुंबिक इतिहासाबरोबर तंबाखू व दारूचीही नोंद असते. चारपेक्षा अधिक गुण मिळालेल्यांना प्राधान्य मिळते; पण तपासणी तिशीवरील सर्वांचीच व्हावी, असे हा कार्यक्रम सांगतो. गुण कमी म्हणून कोणाला परत पाठवणे हा तक्त्याचा हेतू नाही. वारंवार तहान, वारंवार लघवी, कारण नसताना घटणारे वजन, न भरणारी जखम अशी लक्षणे असतील, तर कमरेचा घेर कितीही कमी असला तरी रक्त तपासले गेलेच पाहिजे.

संख्याशास्त्र खोटे बोलत नाही. पण ज्यांची मोजदादच झाली नाही, त्यांच्याविषयी ते काही सांगूही शकत नाही. ज्या धरणांचे पाणी मुंबई पिते, त्यांच्या काठावरील माणसांची जोखीम महानगरांच्या फूटपट्टीने मोजली जाऊ नये. प्रारूप सुधारण्याची सुरुवात संगणकावर होत नाही. ती पाड्यावर, सकाळी उपाशीपोटी काढलेल्या रक्ताच्या नमुन्यापासून आणि मोजपट्टीबरोबरच 'काल रात्री काय जेवलात?' या प्रश्नापासून होते.

काही संज्ञा

जोखीम घटक : ज्याच्या असण्याने आजाराची शक्यता वाढते अशी बाब. प्रत्येक जोखीम घटक हे आजाराचे कारण असतेच असे नाही.

लॉजिस्टिक रिग्रेशन : 'आजार आहे वा नाही' अशा दुहेरी उत्तरावर अनेक घटकांचा स्वतंत्र परिणाम मोजण्याची पद्धत. मधुमेहाचे प्रकार दोनांहून अधिक असतील, तर तिचे बहुपर्यायी रूप वापरतात.

क्लस्टर विश्लेषण : गट आधी न ठरवता, सारख्या नोंदी एकत्र आणून गट शोधण्याची पद्धत.

इन्शुलिन प्रतिरोध : इन्शुलिन असूनही पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, ती अवस्था.

सी-पेप्टाइड : शरीर स्वतः किती इन्शुलिन तयार करते, याचा अंदाज देणारा रक्तातील घटक.

पूर्वमधुमेह : साखर प्रमाणापेक्षा अधिक, पण मधुमेहाच्या मर्यादेखाली. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मधुमेहाची मर्यादा मानली जाते.